चादरींचा कोबा

माणूस जातो, काँक्रीट राहतं. म्हणून घरातल्यांनी काँक्रीटमध्ये जे काही ओतायचं ते पुढच्या दोन पिढ्या डोळ्यांसमोर ठेवून ओतावं, असं अण्णा रविवारी सकाळी मागच्या दारात उभे राहून म्हणाले. पुढच्या पिढ्यांपैकी त्या वेळी कोणीही उठलेलं नव्हतं. आणि मुळात विषय एवढाच होता की मागच्या अंगणातला चिखल स्वयंपाकघरात येतो.

तरी अण्णांचा आवाज भरून आला होता, आणि त्यात नाटक नव्हतं. वजनमापं तपासण्याच्या खात्यात त्यांचं आयुष्य गेलं, पण स्वतःच्या घरासाठी त्यांनी आजवर काहीच मोजलेलं नव्हतं. घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं. पाण्याची टाकी भांडणातून उभी राहिलेली. कोबा हे त्यांचं स्वतःचं पहिलं बांधकाम, आणि त्यासाठी ते एक ठेव मोडणार होते. ठेवीपलीकडे एक पैसा घालणार नाही आणि कोणाला घालूही देणार नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. आज पैसे घालणारा उद्या मत घालतो, हे त्यांनी टाकीच्या वेळी पाहिलं होतं.

कल्पना मात्र थोरल्या सुनेची. ती शिवणकाम करते. शेजारी चार मजले चढल्यापासून तिच्या खोलीत दुपारपासूनच दिवा लावावा लागे, आणि दिव्याच्या उजेडात काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नसे. अलीकडे ती काळे कोट परत पाठवू लागली होती. एकदा परत गेलेलं गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीतल्या टेलरकडे जातं आणि निळा कोटही तिथेच शिवतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, चष्मा बरोबर आहे, खोली बदला. म्हणून एकदा जेवताना ती म्हणाली होती की मागे कुंपणाच्या कोपऱ्यात पलंगाएवढा कोबा घातला आणि वर पत्रा टाकला, तर मशीन तिथे नेता येईल. तिथे संध्याकाळपर्यंत उजेड असतो.

घराला हे पटलं. या घराला एखादी गोष्ट पटली की ती ज्याची असते त्याची राहत नाही. अण्णांना गुडघ्यांसाठी फेऱ्या मारायला वाट हवीशी झाली. धाकट्याला गाडी रस्त्यावर ठेवायची नव्हती. ताई पुढच्या वर्षी मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरून उठणार होती, शाळेचं क्वार्टर सोडून माहेरी येणार होती, आणि उठल्यावर बसायला चार खुर्च्यांची जागा हवी असं तिचं म्हणणं पडलं. पलंगाएवढा कोबा अंगणाएवढा झाला.

कागदावर तो कोणाला दिसेना. अण्णांच्या नकाशात बाण होते, मापं नव्हती. धाकट्याच्या नकाशात गाडी घरापेक्षा मोठी होती. ताईने समास सोडून, शीर्षक अधोरेखित करून सुरुवात केली आणि चौकोनाला जागाच उरली नाही. शेवटी थोरली म्हणाली, कापडावर बघू. गिऱ्हाइकाच्या अंगात घालून पाहिल्याशिवाय तिने आजवर काही पक्कं केलेलं नव्हतं, मग घराने का अपवाद व्हावं. तिने एकेकाला अंगणात नेऊन विचारलं, तुम्हाला कुठून कुठपर्यंत, आणि त्याप्रमाणे खुंट्या ठोकल्या. एका लॉजच्या चादरी तिच्याकडे दुरुस्तीला येत. ज्या दुरुस्तीपलीकडे गेलेल्या असत त्या तिच्याकडेच पडून राहत. त्या एकमेकींना जोडून तिने खऱ्या मापाचा कोबा शिवला.

तो आज अंथरायचा होता. ठेकेदारालाही आजच बोलावलं होतं.

थोरला आणि धाकटा, दोघे भाऊ, गुंडाळी खांद्यावर घेऊन मागच्या दारातून बाहेर पडले. टाकीच्या भांडणानंतर दोघांनी मिळून उचललेली ही पहिलीच वस्तू. धाकटा वाटभर सूचना देत होता आणि थोरला त्या पाळत होता, कारण थोरला पुढे होता आणि त्याला दुसरा रस्ताच नव्हता. अंगण दोन दिवस कोरडं होतं. माप शिवून झाल्यावर खुंट्या उपटल्या होत्या; त्यांच्या भोकांपाशी त्यांनी गुंडाळी टाकली आणि पायाने ढकलली.

ती उलगडत गेली. धाकट्याला वाटलं होतं, दोन ढांगांत संपेल. ती संपेचना. पेरूच्या झाडापर्यंत गेली, तिथे थोरल्याने ती बाजूला पसरली, तेव्हा कळलं की ही नुसती लांबी होती, रुंदी अजून व्हायचीच आहे. धाकटा विमा विकतो. मोठी गोष्ट समोरच्याच्या डोळ्यांपुढे उभी करणं हा त्याचा धंदा, पण स्वतःच्या डोळ्यांपुढे काही उभं राहण्याची त्याला सवय नव्हती. त्याने चपला काढल्या. का काढल्या ते त्यालाही सांगता आलं नसतं.

आत स्वयंपाकघरात ताई ओरडायच्या बेतात होती की दूध उतू जातंय. पण तिने वर पाहिलं. अंगणातल्या पांढऱ्यावरून उजेड उलटून दारातून आत आला होता आणि छतावर पसरला होता. छत हिरवं होतं. ताई या घरात जन्मली, वाढली, आणि स्वयंपाकघराचं छत काळं आहे असंच ती आजवर समजत होती. दूध उतू गेलं. ती बाहेर आली आणि कडेला उभी राहिली, शाळेत प्रार्थनेला राहते तशी.

 

“एवढं आपलं आहे?” अण्णा म्हणाले.

“तुम्हीच सांगितलंत तेवढं आहे,” थोरली दारातून म्हणाली. ती चादरींवर आली नव्हती. शिवलेल्या कापडावर पाय देणं तिला जमत नसे.

अण्णांनी काठी दारापाशी ठेवली आणि अनवाणी चालायला सुरुवात केली. एक फेरी झाली. वजनमापं तपासताना दुकानदारांना जो चेहरा कधी दिसला नव्हता, तो आता कुंपणापलीकडच्या चार मजल्यांना दिसत होता. काही बाल्कन्यांत माणसं येऊन उभी राहिली होती. त्यांना कोणी बोलावलेलं नव्हतं.

ठेकेदार आला तो बाजूच्या फाटकातून, फोनवर खडीवाल्याला शिव्या देत. पांढऱ्यापाशी पोचताच त्याने फोन बंद केला. “साहेब,” तो हळू म्हणाला, “लोक मला नकाशे दाखवतात. मोबाइलवर फोटो दाखवतात. असं अंथरून कोणी दाखवलं नव्हतं.” मग त्यानेही बूट काढले. त्याच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, आणि थोरलीचं लक्ष पहिल्यांदा तिथेच गेलं.

मापं घेण्याआधी अण्णांनी त्याचा टेप मागून घेतला. निवृत्तीच्या वेळी मिळालेली पोलादी मीटरपट्टी त्यांनी आतून आणली, टेप तिच्या बाजूला धरला, पुन्हा धरला, उजेडात नेऊन धरला. ठेकेदार तोवर हात मागे बांधून उभा होता. आरोग्य तपासणीत उभं राहावं तसा. टेप खरा निघाला. अण्णांनी तो किंचित खट्टू होऊन परत केला. मग ठेकेदाराने या कडेपासून त्या कडेपर्यंत माप घेतलं, जाडी किती ते विचारलं, गाडी उभी राहणार म्हटल्यावर जाडी वाढवली, आणि कानामागची पेन्सिल काढून सिमेंटच्या रिकाम्या पिशवीच्या तुकड्यावर हिशेब मांडला.

आकडा त्याने फक्त अण्णांना दाखवला. अण्णांच्या चेहऱ्यावरून तो सगळ्यांना दिसला. ठेवीत कोब्याचा पाऊण भाग बसत होता. उरलेला पाव हवेत राहत होता.

“मी थोडे घालतो,” धाकटा म्हणाला.

“तू घालणार नाहीस,” अण्णा म्हणाले.

तेव्हा ताईने सूत्रं हातात घेतली. ती म्हणाली की खर्च वाढत नसेल तर कोबा कमी होईल, यात रडण्यासारखं काही नाही, आणि एकेकाने आपलं किती कमी होतं ते सांगावं. शाळेत शिक्षक खोलीत ती हेच वाक्य तासिकांबद्दल म्हणत असे, आणि तिथेही नंतर कोणी काही सांगत नसे. मग ती स्वतःच बोलली. अण्णांची वाट लहान करावी. फेरी लहान झाली की फेऱ्या जास्त होतील, गुडघ्यांना काय कळतंय. धाकट्याने तत्काळ दुजोरा दिला. टाकीच्या वेळी हीच दोघं एका बाजूला होती.

पुन्हा फेरीला लागलेले अण्णा थांबले. ते धाकट्याला म्हणाले, “मग गाडीही लहान घे. तिलाही काही कळत नाही.”

गाडी केवढी असते हे घरात कोणाला माहीत नाही, असं धाकट्याचं जुनं दुखणं होतं. तो चादरींवर सरळ आडवा झाला. डोकं म्हणजे बोनेट, असं म्हणाला, आणि पायांपलीकडे अजून डिकी आहे. दार उघडायला बाजूला जागा लागते ती वेगळी. त्याची बायको, धाकटी सून, दवाखान्यात पाळीवर होती, पण तिचं मतही त्याने सोबत आणलं होतं, आणि ते नेमकं त्याच्या मतासारखंच होतं.

“दार कशाला उघडतोस,” ताई वरून बघत म्हणाली, “काचेतून ये ना बाहेर.”

अण्णा हसले. युती बदलली. आता बाप आणि मुलगी एकीकडे होती आणि धाकटा आडवा होता. आडव्या माणसाला वाद घालणं अवघड जातं; पण उठला तर जागा जाईल या भीतीने तो उठेना. तिथूनच त्याने विचारलं, “आणि ताई, तुझी चौथी खुर्ची कोणाची गं?”

हा प्रश्न घरात गेला महिनाभर सगळ्यांच्या मनात होता. ताईचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा परगावी, फोनवर भेटणारा. ताईने चादरीच्या त्या भागाकडे पाहिलं जिथे खुर्च्या यायच्या होत्या. तिला स्वतःला मोजून झाल्यावर दुसरं कोणी आठवेना. तिने चार हा आकडा कुठून आणला होता?

“खुर्च्या चारच्या सेटमध्येच मिळतात,” ती म्हणाली.

यानंतर तिच्या जागेला कोणी हात लावला नाही. धाकटा उठून बसला आणि पँट झटकू लागला. झटकायला काही नव्हतं, चादरी धुतलेल्या होत्या.

म्हणजे वाट राहिली, गाडी राहिली, खुर्च्या राहिल्या, आणि पाव भाग हवेतच राहिला. ठेकेदाराने सहज म्हणून पेन्सिल दाखवली. “तो कुंपणाकडचा कोपरा? तिथे तर कोणीच उभं नाही. तो आणि त्याला लागून हा पट्टा उडवला तर बसवून देतो.”

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. खरंच तिथे कोणी नव्हतं. तिथे काय होतं, असं अण्णांनी विचारलं. धाकटा म्हणाला, काही नसेल, चौकोन पुरा करायला घेतलं असेल. ताईलाही आठवेना. सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. एवढ्या मोठ्या घरात एकमताने कमी करण्यासारखी एक जागा निघाली होती, आणि ती कोणाचीच नव्हती.

“वहिनी,” ताई म्हणाली, “कात्री आणता?”

थोरलीने कात्री आणली. कोपरा माझा आहे, एवढे शब्द तिच्याजवळ होते. पण ते तिने एकदा जेवताना वापरले होते. एकदा सांगितलेलं विसरलं गेलं तर दुसऱ्यांदा सांगणं म्हणजे मागणं, आणि मागायचं नाही हे तिने या घरात पहिल्याच वर्षी ठरवलं होतं. शिवाय गिऱ्हाईक काप म्हणालं तर कापायचं. तिला काळ्या कोटांची आठवण झाली, आणि पलीकडच्या गल्लीतल्या टेलरचीही, ज्याच्या दुकानाला म्हणे दोन्हीकडून काचा होत्या. पहिल्यांदाच ती आपल्या शिवणीवर पाय देऊन चालली. कोपऱ्याशी गुडघे टेकून तिने कात्री उघडली. सगळे बघत राहिले. एवढ्या मोठ्या पांढऱ्यावर ती बसली तेव्हा फार लहान दिसली, आणि कात्री फार मोठी.

थोरला कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होता. प्रयोग दुसऱ्याने करायचा, याने काचेची भांडी पुसून ठेवायची. टाकीच्या भांडणात तो बल्ब आणायला म्हणून गेला होता आणि जेवणं झाल्यावर परतला होता. आताही फाटक उघडं होतं, आणि घरात साखर संपत आली होती हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याने फाटकाकडे पाहिलं. मग तो चालत आला आणि बायकोच्या समोर, नेमका त्या कोपऱ्यात, मांडी घालून बसला.

“उठा,” ती हळू म्हणाली.

“नाही.”

“अहो, सगळे बघताहेत.”

“बघू दे,” थोरला म्हणाला. मग त्याला वाटलं की आता आणखी काही बोलावं लागणार, आणि ते इतरांकडे तोंड करून बोलावं लागणार. “इथे मशीन आहे.”

धाकट्याने विचारलं, कुठे आहे?

“येणार आहे. तिने सांगितलं होतं. सगळ्यात आधी तिनेच सांगितलं होतं. कोबा तिचाच आहे, आपण सगळे त्यावर नंतर चढलोय.”

थोरल्याचं हे या घरातलं सर्वांत लांब भाषण. अण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या दुकानात वर्षानुवर्षं न तपासलेलं वजन अचानक हातात यावं आणि ते बरोबर निघावं.   ताईची मान खाली गेली. शाळेत ती मुलांना मान खाली घालायला लावत असे, आपली कशी घालायची हे तिला नीट माहीत नव्हतं. ती तिरकी गेली.

“उठा हो,” थोरली पुन्हा म्हणाली. आता तिचा आवाज वेगळा होता. तिने त्याच्या मांडीखालची चादर ओढली. थोरला बसूनच राहिला. ओढाओढीत कड उलटली, आणि तिच्या हातात लाल दोरा आला.

ती दोऱ्याकडे बघत राहिली. कडेपासून चांगला हातभर आत, लाल दोऱ्याची कच्ची शिलाई घातलेली होती; इतक्या जोडांत ती कोणाच्या नजरेत भरली नव्हती. ती दोऱ्याच्या मागे मागे नजरेने गेली, पेरूपर्यंत, तिथून वळून गाडीच्या बाजूने, खुर्च्यांच्या बाजूने. मग तिने मागे वळून ठेकेदाराला विचारलं, “तुम्ही माप कुठून घेतलंत?”

“कडेपासून,” तो म्हणाला. “कुठून घेणार?”

“दोऱ्यापासून घ्यायचं. खुंट्यांचं माप दोऱ्यावर आहे. बाहेरची सगळी माया आहे.”

माया म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं जास्तीचं कापड, हे ठेकेदाराला समजावून सांगावं लागलं. पोरांच्या कपड्यांना सोडतात, पुढच्या वर्षी उसवून मोठे करता यावेत म्हणून. या घरातल्या प्रत्येक पोराचे कपडे तिने असेच वाढवले होते. कोब्यालाही चारी बाजूंनी हातभर सोडायची, असं तिने काही ठरवलं नव्हतं. हाताने सोडली. घर वाढतं, उद्या मोठा करावा लागला तर.

“काँक्रीट उसवत नाही, वहिनी,” धाकटा म्हणाला. पण चेष्टेने नाही. तो दोऱ्याकडेच बघत होता.

अण्णांनी खाली वाकून पाहिलं. आयुष्यभर त्यांनी मापं तपासली होती. आज टेप तपासला होता, उजेडात नेऊन तपासला होता. तो काय मोजतोय ते पाहिलं नव्हतं.  त्यांनी फक्त आपली मीटरपट्टी ठेकेदाराच्या हातात दिली. हे त्यांनी यापूर्वी कोणासाठीही केलेलं नव्हतं.

नवं माप घ्यायला सगळे दोऱ्यावरून चालले. पुढे ठेकेदार, मागे अण्णा, मग ताई, मग धाकटा, लाल टाक्यांवर पाऊल ठेवत, एकामागे एक, हळू. थोरला कोपऱ्यात बसून होता म्हणून त्याला वळसा घालून गेले. थोरलीने मायेची चारही बाजूंनी घडी घातली, हाताने दाबून चोपली, आणि त्या सगळ्यांच्या पायांखाली कोबा आपल्या खऱ्या मापाला आला. वाट होती, गाडी होती, चार खुर्च्या होत्या, कोपरा होता. ठेकेदाराने पिशवीच्या तुकड्याची दुसरी बाजू वापरली. आकडा ठेवीत बसला. वरती थोडे उरत होते, ते पत्र्याला लागतील, असं तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात काँक्रीट आलं. खडी, सिमेंट आणि पाणी गरगरत एकत्र होताना अण्णा दारात खुर्ची टाकून बसले आणि उठायला तयार होईनात. राखाडी लगदा फळ्यांच्या चौकटीत हळूहळू सरकत गेला, कोपऱ्यापर्यंत पोचला, तिथे भरला, आणि माणसांनी लांब पट्टीने त्याला सपाट केलं. ताईने शाळेतून अर्धी रजा घेतली होती. धाकटा सकाळची तीन गिऱ्हाइकं सोडून आला होता. सगळे कुजबुजत बोलत होते. ओलं काँक्रीट आवाजाने तडकतं, असं कोणी सांगितलं नव्हतं, पण कोणी जोखीम घेतली नाही. मग बरेच दिवस त्यावर पाणी मारायचं होतं. ते मी मारणार, यावरून घरात पहिल्यांदाच भांडण झालं.

पत्रा चढला. दोन्ही भावांनी मिळून मशीन उचललं, धाकट्याने सूचना न देता, आणि कोपऱ्यात आणून ठेवलं. उजेड टेबलावर पडला, सुईवर पडला. थोरलीने मांडीवर काळा कोट घेतला. काळा दोरा तिने सुईत पहिल्याच खेपेला ओवला. अण्णा, ताई, धाकटा, थोरला, सगळे बाजूला उभे होते, आणि कोणाच्या पायात चपला नव्हत्या. तिने कापड सुईखाली सरकवलं आणि पाय मोटरच्या पेडलवर ठेवला.

बाहेर विजेची वायर ओढून प्लग पॉइंट बसवायचा खर्च कोणीच धरलेला नव्हता.